कलिन्याच्या इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटची शंभर वर्षं: पॉलिसीची पाटी नवी, धंदा जुनाच

फोर्टचा_बाक

मागे शिक्षणाच्या धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलं होतं की पब्लिक पॉलिसी हे अमेरिकेहून आलेलं नवं फॅड आहे, आपल्या विद्यापीठांना त्याचा कधी गंध नव्हता, आता फी उकळायला कोर्स काढतायत वगैरे. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या अर्थशास्त्र विभागाचं हल्लीचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. पाटी नवी आहे, वादच नाही. पण रुपयाचा दर काय ठेवावा, कर कुणावर बसवावा, धान्याला काय भाव द्यावा, पंचवार्षिक योजनेत आधी पोलाद की आधी ज्वारी, ही भांडणं या विभागातली माणसं १९२१ पासून घालतायत आणि तीही वर्गात फळ्यापुरती नाही, थेट सरकारच्या तोंडावर. माझं तर म्हणणं असं की या विभागाचा खरा गुण दिल्लीची री न ओढण्यात होता, आणि त्यामुळेच तो विस्मरणात गेला. हरलेल्या बाजूचा इतिहास लिहायला कोणाला वेळ आहे.

तर सुरुवातीपासून. विद्यापीठ १८५७ चं, पण पहिली साठ वर्षं ते मुख्यतः परीक्षा घेणारं आणि डिग्र्या वाटणारं ऑफिस होतं, शिकवायचं काम कॉलेजांचं, एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स. विद्यापीठाने स्वतःचे प्राध्यापक नेमून विभाग उघडले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ ला समाजशास्त्र, १९२१ ला अर्थशास्त्र, दोन्ही एका छपराखाली, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड सोशिऑलॉजी.

समाजशास्त्राला पहिला प्राध्यापक आणला तो पॅट्रिक गेडिस. स्कॉटिश गृहस्थ, मूळचा जीवशास्त्रवाला, मग शहररचनेत शिरला. १९१४ ला हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचं शहररचनेचं अख्खं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, सगळं वेगळ्या बोटीने येत होतं आणि ती बोट जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवली. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून परत गेला असता, याने नवीन प्रदर्शन जमवलं आणि पुढच्याच वर्षी मद्रासला मांडलं. मुंबईतल्या त्याच्या खुर्चीचं नाव होतं सोशिऑलॉजी अँड सिव्हिक्स, म्हणजे नागरिकशास्त्र जोडूनच. याचं महत्त्व मुंबईकराला सांगायला नको. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आली आणि तिने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे सरळसोट रस्ते काढले, हवा खेळली हे खरंच, पण चाळीतनं उठवलेली माणसं गेली कुठे? शेजारच्या चाळीत, आणखी दाटीने. गेडिस अशा सरसकट पाडापाडीच्या विरुद्ध होता. तो आधी पायी हिंडून गल्ली न् गल्ली बघायचा, मग म्हणायचा हे दोन मोडके वाडे काढा, ही विहीर ठेवा, हे झाड ठेवा, इथे जरा चौक होऊ दे, बाकीच्यांना हात लावू नका. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा करून दमलेल्या लोकांनी हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे लक्षात घेऊन वाचावं.

अर्थशास्त्राला के. टी. शहा. हे १९३० पर्यंत होते. १९२४ ला खंबाटांबरोबर हिंदुस्थानची संपत्ती किती आणि कर सोसायची ताकद किती यावर पुस्तक काढलं. १९३८ ला सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, नेहरू अध्यक्ष, तिचे सेक्रेटरी हेच शहा. घटना समितीतही होते. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांनी घटनेत सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट हे शब्द घाला अशी दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, समाज कसा असावा हे पुढच्या लोकांना ठरवू दे, घटनेत बांधून ठेवू नका म्हणून. दोघेही मुंबईत अर्थशास्त्र शिकवलेले प्राध्यापक बरं का, बाबासाहेब १९१८ ते २० सिडनहॅम कॉलेजला होते. १९५२ ला शहा राजेंद्रप्रसादांच्या विरुद्ध राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि अर्थातच पडले.

आणि मग सी. एन. वकील. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात, आता जेवायला बोलावतायत.

सदाशिवपेठी

छान लिहिताय. पण गोखले इन्स्टिट्यूटचं नाव न घेता महाराष्ट्रात पॉलिसीचा इतिहास सांगायचा म्हणजे धाडसच म्हणायचं. १९३०, रावबहादुर काळे यांची देणगी, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले, राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची त्याचा गाडगीळ फॉर्म्युला १९६९ चा. पुढे दांडेकर-रथांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ ला. मुंबईने काय दिलं?

फोर्टचा_बाक

आलात? वाटच बघत होतो. :) मुंबईनेही योजना आयोगाला उपाध्यक्ष दिलाय, डी. टी. लकडावाला, १९७७ ते ८०. एकास एक. आणि गोखले इन्स्टिट्यूट तेव्हा विद्यापीठाचा विभाग नव्हती, वेगळी संस्था होती, माझा धागा विद्यापीठातल्या विभागाचा आहे. गाडगीळांबद्दल आदरच आहे, तुम्ही वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

चर्चगेट_स्लो

शहा, खंबाटा, वकील, दांतवाला, लकडावाला. काय हो, मराठी माणूस फक्त शिपाई होता का तिथे? (काडी टाकून पळालो)

तळटीप

@चर्चगेट_स्लो, काडी ओली आहे. तेव्हाच्या मुंबई विद्यापीठाची हद्द बघा, गुजरात, कर्नाटकाचा बराच भाग, एके काळी सिंधसुद्धा. पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठं वेगळी झाली ती १९४९ च्या सुमारास, तोवर सुरत-भडोचच्या हुशार पोराने जायचं कुठे, मुंबईलाच ना. आणि कापड गिरण्या, शेअरबाजार, रुईचे सट्टे हे ज्यांच्या घरात रोजचं बोलणं ती मुलं अर्थशास्त्राला जास्त आली यात नवल काय.

मराठी माणूस हवाच असेल तर समाजशास्त्राच्या खोलीत बघा. गेडिसने निवडलेला विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचा, आधी संस्कृतचा. विद्यापीठाने इंग्लंडला पाठवला, केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्सच्या हाताखाली काम केलं, परत येऊन १९२४ ला विभाग हातात घेतला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास हे त्यांचे विद्यार्थी. अर्थशास्त्रातही मुरंजन होते, वकिलांबरोबर चलन आणि किमतींवरचं पुस्तक लिहिणारे.

चर्चगेट_स्लो

मालवणचा म्हटल्यावर विषयच संपला. पुढे लिवा.

फोर्टचा_बाक

वकील. हे १९२१ पासूनच विभागात, शहा गेल्यावर प्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत विभाग म्हणजे वकील आणि वकील म्हणजे विभाग असंच होतं. विशीच्या दशकातलं त्यांचं मोठं भांडण रुपयाच्या दराचं. एका रुपयाला एक शिलिंग चार पेन्स की सहा पेन्स? आज ऐकायला फालतू वाटतं, दोन पेन्सांसाठी एवढा गोंधळ. पण सहा पेन्स म्हणजे रुपया महाग, म्हणजे मँचेस्टरचा माल इथे स्वस्त आणि आपला कापूस बाहेर विकताना शेतकऱ्याच्या हातात रुपये कमी. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे १९२५ ला आंबेडकरांची साक्ष झाली, त्याच कमिशनने रिझर्व बँकेची शिफारस केली, ती प्रत्यक्षात आली १९३५ ला. दर मात्र १९२७ ला सहा पेन्सच ठरला.

मग १९४३, युद्ध चालू, सरकार इंग्लंडच्या नावावर माल उचलतंय आणि बदल्यात नोटा छापतंय, तेव्हा वकिलांनी घसरत्या रुपयावर पुस्तिका काढली की ही महागाई नोटांमुळे आहे, उगाच साठेबाजांकडे बोट दाखवू नका. फाळणी झाली तर लगेच तिच्या आर्थिक परिणामांवर काम, ताग तिकडे आणि गिरण्या इकडे, कापूस तिकडे आणि माग इकडे, याचा हिशोब. म्हणजे घटना घडली की वर्षा-दोन वर्षांत अभ्यास छापून हातात. याला पब्लिक पॉलिसी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं सांगा.

अनुस्वार

काका, मी सध्या एमए करतेय (कुठे ते सांगत नाही 😄). आमच्या नोट्समध्ये वकील-ब्रह्मानंद वेज गुड्स मॉडेल दोन ओळींत उरकलंय आणि महालनोबिस मॉडेल अकरा पानं. तुम्ही सोप्पं करून सांगाल का? परीक्षेसाठी नाही, खरंच कळत नाहीये की वाद नक्की कशावर होता.

फोर्टचा_बाक

ताई, दोन ओळी विरुद्ध अकरा पानं, हेच तर मी वर म्हणतोय.

वाद असा. दुसरी पंचवार्षिक योजना, १९५६. महालनोबिस, म्हणजे त्या योजनेचा आराखडा करणारे संख्याशास्त्रज्ञ, म्हणाले देश लांब पल्ल्याने वाढवायचा तर आधी यंत्रं करणारी यंत्रं हवीत, पोलाद, अवजड उद्योग, भिलाई, राउरकेला, दुर्गापूर. कापडचोपड, खाण्यापिण्याच्या वस्तू घरगुती आणि छोट्या उद्योगांनी भागवाव्या, शेतीला फार भांडवल न घालता उत्पादन वाढेल अशी आशा. नेहरूंना पटलं. देशातले बहुतेक नावाजलेले अर्थतज्ज्ञ हो म्हणाले. जाहीर विरोध करणाऱ्यांत गुजरात विद्यापीठाचे बी. आर. शेणॉय, त्यांनी १९५५ ला वेगळं मतपत्र, म्हणजे असहमतीचं टिपण, जोडलं, त्यांचा रोख तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे नोटा छापून योजना चालवू नका. आणि दुसरा विरोध मुंबईहून, वकील आणि त्यांचा तरुण सहकारी पी. आर. ब्रह्मानंद. तीस वर्षांचा पोरगा होता हो तेव्हा!

त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. समजा कोकणातल्या एका घरात सहा भाऊ एकाच भाताच्या तुकड्यावर राबतायत. खरं काम तिघांचं आहे. उरलेले तिघे रिकामे दिसत नाहीत, बांधावर काहीतरी करत असतात, पण ते गेले तरी भात तेवढाच पिकणार. हे झाले छुपे बेकार. आता सरकार म्हणतं या तिघांना धरणावर, रस्त्यावर, कारखान्यात कामाला लावू. लावा. पण ते घरून निघाले की त्यांच्या वाटचा भात त्यांच्या मागे चालत येतो का? नाही, मागे राहिलेले तिघे आता पोटभर खातात, इतके दिवस अर्धपोटीच होते. म्हणजे कामावर गेलेल्यांना मजुरीचे पैसे मिळाले तरी बाजारात त्यांच्यासाठी वेगळा तांदूळ, डाळ, धडूत, मीठ, रॉकेल पाहिजे. मजुरीतून माणूस जे विकत घेतो त्या वस्तू, त्याच वेज गुड्स. त्या नसतील तर नुसते पैसे वाटून होणार काय, भाव चढणार. ब्रह्मानंदांचं म्हणणं, देशाचं खरं भांडवल म्हणजे हा धान्य-कापडाचा साठा, यंत्र नव्हे. तो जितका, तितकीच माणसं कामाला लावता येतील. म्हणून आधी शेती, पाणी, खत आणि साध्या उपभोगाच्या वस्तू, त्या जोरावर रोजगार, मग पोलाद.

दिल्लीने ऐकलं नाही. दहा वर्षांत काय झालं बघा. १९६५ आणि ६६ लागोपाठ दुष्काळ, अमेरिकेकडून पीएल-४८० या मदत कायद्याखालचा गहू, बोट आली की रेशनला धान्य. जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन, डॉलर पावणेपाचवरनं साडेसातला. चौथी योजना पुढे ढकलली, तीन वर्षं योजनेलाच सुट्टी. सगळं महालनोबिस मॉडेलमुळे झालं असं मी म्हणणार नाही, दोन युद्धंही झाली मधे. पण धान्य कमी पडलं की सगळी योजना बसते हे मुंबईवाल्यांनी दहा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

आता माझं वैयक्तिक मत, ब्रह्मानंदांचं मॉडेलही तेवढं सरळ नव्हतं. खत हवं तर खताचा कारखाना हवा, त्याला यंत्रं हवीत, पाणी चढवायला पंप आणि वीज, म्हणजे फिरून पोलाद आलंच. हरितक्रांतीला जे लागलं त्यातलं बरंच त्या अवजड उद्योगातनंच आलं. पण निदान प्रश्न बरोबर विचारला होता.

अनुस्वार

बापरे. आता कळलं. मागे राहिलेले तिघे पोटभर खातात हा भाग नोट्समध्ये कुठ्ठेच नाहीये आणि सगळी गोम तिथेच आहे.

मिलो_खाल्लेला

माझ्या आयडीचं कारण आज सांगतो. सातरस्त्याला चाळीत राहायचो. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची, भाकरी थापायला जावं तर कडेने तडकायची, आई पाण्याचा हात लावून लावून जोडायची आणि ताटात वाढताना म्हणायची बघू नका, खा. त्या भाकरीमागे कुठल्या प्राध्यापकांचं भांडण होतं हे आज कळतंय.

७४ चंही लिहा. वडील गिरणीत नव्हते, सरकारी नोकरीत होते, त्या वर्षी महागाई भत्ता वाढला आणि निम्मा हातात आलाच नाही, सक्तीची ठेव. घरात आठवडाभर त्यावरून धुसफूस. त्यातही तुमच्या या प्राध्यापकांचा हात होता असं ऐकलंय.

फोर्टचा_बाक

काका, हात होता की नव्हता यावर अजून वाद आहे पण गोष्ट मजेदार आहे. १९७३-७४ ला महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. तेलाचे भाव चौपट, आधी दुष्काळ, बांगलादेश युद्धाचा खर्च, ७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप. त्याआधी फेब्रुवारीत वकील आणि ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने १४० अर्थतज्ज्ञांनी इंदिरा गांधींना निवेदन दिलं. वकील तेव्हा ऐंशीच्या घरात आले होते! निवेदनाचा सारांश, बाजारात माल कमी आणि पैसा फार झालाय, तर पैशाचा एक भाग गोठवा, लोकांच्या नोटा आणि ठेवींचा काही हिस्सा बाँड आणि पदकांच्या रूपात अडकवून ठेवा. त्या योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावातली अक्षरं काढून त्यांनी नाव पाडलं सेमिबॉम्बला. खोटं नाही सांगत.

कोलंबी

सेमीबोंबला?? अर्धेच बोंबला म्हणजे. महागाईवर सरकारला दिलेलं यापेक्षा प्रामाणिक निवेदन दुसरं नसेल 😂😂

फोर्टचा_बाक

हसा. :) तर सरकारने ती योजना जशीच्या तशी काही घेतली नाही. पण जुलैमध्ये वटहुकूम आले, पगारवाढ झाली तर सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा, वर्षाला पंधरा हजारांवर उत्पन्न असलेल्या करदात्यांनाही सक्तीची ठेव. दिशा तीच, पैसा अडकवा. मनमोहन सिंग तेव्हा मुख्य आर्थिक सल्लागार होते, अर्थमंत्रालयातही हाच विचार चालू होता, त्यामुळे श्रेय किंवा शिव्या एकट्या मुंबईला देता येत नाहीत. महागाई मात्र त्यानंतरच्या वर्षभरात खरोखर खाली आली. कामगार संघटना संतापल्या होत्या आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मिलोकाकांच्या घरात जी धुसफूस झाली ती देशभर झाली. ज्याचा पगार स्लिपवर दिसतो त्याचाच निम्मा भत्ता कापता येतो, काळ्या पैशाला कोण कापणार.

नाठाळ

इथेच माझा मुद्दा येतो. शंभर वर्षं निवेदनं, पुस्तिका, मतपत्रं. रुपयाच्या दरात हरले, योजनेत हरले, सेमीबोंबला अर्धवट. निकाल काय? विद्वानांनी लिहायचं आणि मंत्रालयाने फाईलीत लावायचं, याला पॉलिसी इन्स्टिट्यूट म्हणत असाल तर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीपण पॉलिसी इन्स्टिट्यूट आहे, तोही वॉर्ड ऑफिसला दर महिन्याला पत्र लिहितो.

बांधावरचा

नाठाळभाऊ, थांबा जरा. मी नोकरीला ठाण्यात असलो तरी घरी जालन्याकडं सोयाबीन आणि तूर आहे. हमीभाव दर हंगामात जाहीर होतो ना, तो ठरवणारा जो आयोग, त्याची सुरुवात १९६५ ची, कृषी मूल्य आयोग, आणि त्याचे पहिले अध्यक्ष याच मुंबई विद्यापीठातले एम. एल. दांतवाला. मला वाटलं फोर्टवाले लिहितील, ते सेमीबोंबलात अडकले. हरले म्हणता, पण आज देशातला अख्खा शेतकरी ज्या यंत्रणेवर भांडतोय ती यांच्या हातानं उभी राहिली.

आता भाव परवडत नाही हा भाग वेगळा. आमच्याकडं हमीभाव कागदावर, व्यापारी ओलावा दाखवून खाली पाडतो, खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजू माणसाचा माल विकून झालेला असतो.

फोर्टचा_बाक

वा, दांतवालांवर येतच होतो, तुम्ही आधी गाठलंत. त्यांची पार्श्वभूमी फार थोर आहे. स्वातंत्र्यचळवळीत नाशिकच्या तुरुंगात, जयप्रकाश, मसानी, अच्युतराव पटवर्धन, एसेम जोशी, ना. ग. गोरे यांच्याबरोबर, जिथे काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली तिथे. पुढे गांधीजींच्या विश्वस्तपणाच्या कल्पनेचा व्यवहारी मसुदा त्यांनी केला, किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी परीख यांनी बघितला आणि गांधीजींनी स्वतः दुरुस्त्या केल्या. असा माणूस विद्यापीठात शेतीचं अर्थशास्त्र शिकवत होता.

आयोगाबद्दल एक गोष्ट आजच्या भांडणात हरवते. आयोगाला सुरुवातीलाच सांगितलं होतं की उत्पादक आणि ग्राहक दोघांचं हित आणि एकूण अर्थव्यवस्थेची गरज बघून भाव सुचवा. म्हणजे हमीभाव हा आधार, भाव कोसळला तर खाली धरायला, म्हणजे शेतकरी नवं बियाणं आणि खत घ्यायची जोखीम उचलेल. पहिल्यांदा गव्हाला १९६६-६७ च्या हंगामात लागू झाला. १९८५ ला नाव बदलून कृषी खर्च आणि मूल्य आयोग झालं. शिफारस आयोगाची, निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि खरेदी तिसऱ्याच कुणाची, तुमची अडचण त्या तिसऱ्या पायरीवर आहे.

बांधावरचा

पहिल्या पायरीवरबी आहे साहेब. खर्च धरताना घरच्या माणसांची मजुरी धरतात, पण स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज, हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतात त्या हिशोबात धरत नाहीत. दीडपट कशाची, त्यावरच तर सगळं भांडण. पण ते इथं नको, शेतीच्या धाग्यावर या.

तळटीप

नाठाळांच्या प्रश्नाला माझ्याकडून एक उत्तर, लकडावाला. दारिद्र्यरेषेचा हिशोब १९७९ च्या कार्यगटापासून असा होता की खेड्यात माणशी २४०० कॅलरी आणि शहरात २१००, त्याला १९७३-७४ च्या किमतीने महिन्याला ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे लागतात. पुढे दर वेळी हीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची, पण सगळ्या देशाला एकच रेषा. शिवाय योजना आयोग आणखी एक चलाखी करायचा, नमुना पाहणीत लोकांनी सांगितलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांशी जुळवायला सगळ्यांचा सारखाच फुगवून घ्यायचा. म्हणजे टीव्ही-फ्रीजवाल्यांचा न सांगितलेला खर्च मोलकरणीच्या खात्यात पण जमा. झाली ना गरिबी कमी, बसल्या जागी.

१९८९ ला लकडावालांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. फुगवाफुगवी बंद. आणि प्रत्येक राज्याला वेगळी रेषा, खेड्यात शेतमजुरांचा किंमत निर्देशांक, शहरात औद्योगिक कामगारांचा. झालं काय, १९८७-८८ चा गरिबीचा आकडा तीसच्या आसपास होता तो एकोणचाळीसच्या घरात गेला. कुठल्या सरकारला हे आवडेल? अहवाल १९९३ ला सादर झाला, लकडावाला त्याआधीच वारले होते, आणि योजना आयोगाने तो स्वीकारला १९९७ ला. चार वर्षं फाईल फिरली, पण स्वीकारावा लागला.

नाठाळ

मोलकरणीच्या खात्यात फ्रीज, हे जबरी आहे. मान्य, इथे सोसायटीचा सेक्रेटरी कमी पडतो.

सदाशिवपेठी

आणि दारिद्र्याची ही चर्चा देशात पेटवली १९७१ ला दांडेकर-रथांनी, पुण्यातून. सांगून ठेवतो.

तळटीप

सांगितलंत, पोचलं, पावती फाडली.

चर्चगेट_स्लो

एक भाबडा प्रश्न. देशाचं सगळं झालं, रुपया, योजना, गहू. मुंबईचं काय? शहरात बसून शहराकडे बघितलं की नाही यांनी? गेडिस गेला आणि संपलं?

फोर्टचा_बाक

चांगला प्रश्न आणि याचंच मला जास्त अप्रूप आहे. योजना आयोगाच्या संशोधन समितीने पन्नाशीच्या दशकात बऱ्याच शहरांच्या पाहण्या करवून घेतल्या, मुंबईची पाहणी याच विभागाने केली, लकडावाला आणि सहकारी. विद्यापीठाने १९६३ ला ती पुस्तक म्हणून छापली. घरोघर जाऊन विचारलेलं, माणूस कुठून आला, काय काम करतो, किती मिळतं, घरात किती जण, गावाला पाठवतो का. चाळीतल्या खोलीत किती पुरुष एकत्र राहतात आणि बायकापोरं गावी, हे तुम्ही-आम्ही आजोबांकडून ऐकतो, ते इथे तक्त्यांमध्ये आहे. राजकारणाच्या बाजूला वेगळा विभागच झाला, सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स, १९४८. बेचाळीसच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता पुढे या विभागाच्या प्रमुख होत्या, हे किती जणांना माहीत असतं?

पण एक खरं की नंतर शहराचा अभ्यास वाटला गेला. देवनारला टाटा इन्स्टिट्यूट, ती १९३६ पासूनच होती, लोकसंख्येची संस्था १९५६ पासून, मग रिझर्व बँकेने १९८७ ला गोरेगावला इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट काढली. पैसा, माणसं, कॉम्प्युटर तिकडे गेले. फोर्टातून कलिन्याला गेल्यावर मंत्रालय आणि रिझर्व बँक पायी अंतरावर राहिली नाही हेही माझ्या मते कारण आहे, पूर्वी दुपारच्या व्याख्यानाला बँकेचे ऑफिसर चालत येऊ शकायचे, आता कलिन्याला यायचं म्हणजे कुर्ला किंवा सांताक्रूझला उतरून रिक्षाची मारामारी. हसाल, पण धोरणाच्या गप्पा चहावर होतात आणि चहाला अंतर सोसत नाही.

कोलंबी

ऑनलाइन मीटिंग नावाचा प्रकार आलाय आजोबा.

फोर्टचा_बाक

त्यात चहा कोण पाजतं.

अनुस्वार

काका, ती १९६३ ची पाहणी बघायला मिळेल का कुठे? मला डेझर्टेशनसाठी मुंबईतल्या घरकाम करणाऱ्या बायकांचं उत्पन्न घ्यायचंय, जुना आकडा मिळाला तर तुलना करता येईल. गाईड म्हणतायत जुनं नको, लेटेस्ट राउंडचा डेटा घे.

तळटीप

कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू लायब्ररीत विचारा, तिथे नसेल तर फोर्टला राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत, विद्यापीठाचं स्वतःचं प्रकाशन आहे. तुलना करताना जपून, तेव्हाची मुंबई म्हणजे शहर की उपनगरांसकट हे आधी तपासा, हद्द १९५० आणि १९५७ ला वाढली आहे. आणि घरकामाला तेव्हा पुरुष घरगडी खूप होते, रत्नागिरीचे. नुसत्या बायकांचा रकाना शोधलात तर आकडा बारीक दिसेल आणि निष्कर्ष भलताच निघेल.

मिलो_खाल्लेला

घरगडी म्हणजे रामा. आमच्या मजल्यावर राहायचे चौघे, मलबार हिलला कामाला. पगार कमी पण जेवण तिकडचं, ते पगारात धरलंय का पाहा पोरी.

अनुस्वार

हे भारी आहे!! जेवण धरायचं की नाही हा प्रश्न मला आजच्या डेटातही आहे. शनिवारी लायब्ररीत जाते आणि रकाने बघून इथेच लिहिते.